शिक्षकांच्या कामाची परिस्थिती आणि विषमता : टॅलिस/पिसाच्या डेटात नेमकं काय बघावं?

नवअभ्यासक

नमस्कार मंडळी. शिक्षणशास्त्रात पीएचडी सुरू केलीये आणि सुरुवातीलाच गाडी अडलीये म्हणून इथे विचारतेय. मला बघायचंय ते असं, की ज्या शाळांत गरीब घरातली मुलं जास्त असतात तिथल्या शिक्षकांच्या वाट्याला कामाची परिस्थितीही वाईट येते का, आणि येत असेल तर मुलांच्या निकालात जी दरी दिसते तिच्यात याचा काही हात आहे का. एकटीने एवढा डेटा गोळा करणं शक्य नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय सर्व्हे वापरायचं ठरवलं. ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) साइटवरून टॅलिस २०१८ च्या, म्हणजे तिच्या शिक्षकांच्या सर्व्हेच्या, फाइल उतरवून घेतल्या, पिसाच्या, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांच्या चाचणीच्या, पण घेतल्या. फुकट आहेत, कोणालाही मिळतात, ही खरंच मोठी सोय आहे.

आता अडचण. आधी मी देशवार आलेख काढला, आडव्या रेषेवर शिक्षकांचे आठवड्याचे कामाचे तास आणि उभ्या रेषेवर पिसामधली सधन-गरीब मुलांच्या गुणांतली तफावत. ठिपके सगळीकडे विखुरलेले, काही म्हणजे काही दिसत नाही. जपान एकटाच लांब उजवीकडे, ५६ तासांवर, आणि तिथली तफावत तर सरासरीपेक्षा कमीच. मग देशाच्या आत जाऊन बघितलं, गरीब मुलं जास्त असलेल्या शाळा आणि बाकीच्या शाळा, दोन्हीकडच्या शिक्षकांचं नोकरीतलं समाधान. बऱ्याच देशांत फरक नाहीच्या जवळपास. तसंही ओईसीडी सरासरीत १० पैकी ९ शिक्षक म्हणतात की एकूणात आम्ही समाधानी आहोत. मार्गदर्शक म्हणाले की फरकच नाही तर प्रबंध कशावर लिहिणार. मला हे पटत नाहीये, पण उत्तर पण देता येत नाहीये.

तर, टॅलिस घ्यावा का पिसा का टिम्स (गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी)? शिक्षक आणि मुलं एकमेकांना जोडता येतात का? समाधान सोडून दुसरं काय बघावं? आणि फाइलमध्ये शंभर कॉलम नुसते वेट्सचेच, म्हणजे प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचं त्याचे, आहेत, त्यांचं काय करायचं असतं?

---

आकडेमोड

विषय आहे, नक्की आहे, सोडू नका. फक्त देशांच्या सरासऱ्या समोरासमोर ठेवून विषमता सापडणार नाही, कारण ती देशाच्या आत असते. एखाद्या देशात सगळेच शिक्षक भरपूर राबत असतील तर सरासरी वर जाईल, पण त्यामुळे गरीब मुलाला आणि सधन मुलाला वेगळा शिक्षक मिळतोय असं काही होत नाही. तुमचा प्रश्न 'शिक्षक किती राबतात' हा नाहीये, 'कुठल्या मुलांसमोर कुठला शिक्षक उभा राहतो आणि तिथे त्याला काय मिळतं' हा आहे. एकदा हे धरलं की कुठला सर्व्हे कशाला हे आपोआप सुटतं.

टॅलिस हा शिक्षकांचा सर्व्हे. मूळ गट लोअर सेकंडरीचे (प्राथमिकनंतरचा पहिला टप्पा) शिक्षक आणि मुख्याध्यापक, देशामागे साधारण २०० शाळा आणि शाळेमागे २० शिक्षक. २००८ साली सुरू झाला, मग २०१३, २०१८, २०२४, आणि आता त्यात ५५ शिक्षणव्यवस्था आहेत. शिक्षकांबद्दल बोलायला याच्याइतकं चांगलं काही नाही, पण यात मुलांचे गुण नाहीत आणि मुलांच्या घरची माहितीही थेट नाही, मुख्याध्यापक अंदाजाने जे सांगतात तेवढीच. पिसा उलटा, तिथे १५ वर्षांची मुलं केंद्रस्थानी, मुलांच्या घरच्या परिस्थितीचा पक्का निर्देशांक मिळतो, पण शिक्षकांची प्रश्नावली ऐच्छिक आहे आणि थोडेच देश ती घेतात. टिम्समध्ये चौथी आणि आठवीचे अख्खे वर्ग निवडतात आणि त्या वर्गांना गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक फॉर्म भरतात, त्यामुळे शिक्षक आणि मूल वर्गाच्या पातळीवर जोडता येतात. फक्त ते शिक्षक म्हणजे देशातल्या शिक्षकांचा प्रातिनिधिक नमुना नव्हे, म्हणून तिथे 'इतके टक्के शिक्षक थकलेत' असं लिहायचं नाही, 'इतके टक्के विद्यार्थी अशा शिक्षकांकडे शिकतात' असं लिहायचं. आणि खरं सांगायचं तर विषमतेच्या प्रश्नाला हे दुसरं वाक्यच जास्त लागू पडतं.

टॅलिस-पिसा लिंक नावाचा प्रकार पण आहे, त्याच शाळांत दोन्ही सर्व्हे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, व्हिएतनाम, तुर्कस्तान, कोलंबिया असे मिळून ९ जण होते. तिथे जोडणी शाळेपर्यंतच होते, अमुक मुलाचा अमुक शिक्षक असं कळत नाही.

आता तासांबद्दल सविस्तर लिहितो, कारण बरेच जण तिथेच फसतात. प्रश्न असा असतो की गेल्या पूर्ण आठवड्यात, म्हणजे ज्यात सुट्टी-आजारपण नव्हतं अशा, या शाळेच्या कामावर एकूण किती तास गेले, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार धरून. नंतर कामांचे तास वेगळे विचारतात, शिकवणं, तयारी, तपासणी, कागदपत्रं, पालकांशी बोलणं, इतर उपक्रम वगैरे, आणि या तुकड्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळलीच पाहिजे असं बंधन नाही. 'या शाळेच्या' म्हटल्यामुळे दोन शाळांत शिकवणाऱ्याचं दुसरीकडचं काम यात येतच नाही. २०१८ ची जी सरासरी सगळीकडे छापली जाते तिच्यात अर्धवेळ शिक्षकही आहेत. जपानचंच बघा, २०१८ ला ५६.० तास, सहभागी देशांची सरासरी ३८.३. पण प्रत्यक्ष शिकवण्याचे तास जपानचे १८.० आणि सरासरी २०.३, म्हणजे जपानी शिक्षक शिकवतात कमीच. मग बाकीचे तास जातात कुठे? शाळेनंतरच्या उपक्रमांना ७.५ तास, जिथे सरासरी १.९ आहे, आणि कार्यालयीन कामाला ५.६, जिथे सरासरी २.७. एकूण आकडा बघणारा म्हणेल जपानी शिक्षक कष्टाळू, तुकडे बघणारा विचारेल की क्लब चालवणं हे शिक्षकाचंच काम का. वर तिथे १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या ४ टक्के भत्ता ठरवून दिला, आता तो टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर न्यायचं ठरलंय, पण हे सर्व्हेतून कळणार नाही, त्या देशाचे नियम वेगळे वाचावे लागतात.

आणखी एक, २०२४ मध्ये जपानचा आकडा ५५.१ आला. २०१८ च्या ५६.० शेजारी ठेवला तर वाटतं काहीच बदललं नाही. पण ५५.१ हा पूर्णवेळ शिक्षकांचा आकडा आहे आणि ५६.० सगळ्यांचा. पूर्णवेळवाल्यांची तुलना पूर्णवेळवाल्यांशी केली की घट जवळपास ४ तासांची निघते. एवढी मोठी गोष्ट तळटीपेत असते, म्हणून कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते कोणाचे आहेत ते बघाच.

---

वर्गशिक्षिका

मी आकडेवाली नाही, शिकवणारी आहे, पण समाधानाच्या प्रश्नाबद्दल लिहावंसं वाटतंय.

'एकूणात मी माझ्या नोकरीवर समाधानी आहे' या वाक्यासमोर खूण करताना माणूस आपला पगार, आपला वर्ग, टॉयलेट नसलेल्या मजल्यावरचं आपलं स्टाफरूम याचा हिशोब मांडत नाही. तो स्वतःला विचारतो की मी हे काम निवडलं ते बरोबर होतं का. आणि बहुतेक जण हो म्हणतात, कारण मुलं आवडतात. ते खोटं नसतं. पण त्यावरून परिस्थिती बरी आहे असं काढणं म्हणजे शिक्षकाच्या चांगुलपणावर शाळेचं काम भागवण्यासारखं आहे. त्याच २०१८ च्या सर्व्हेत पगारावर समाधानी म्हणणारे ३९ टक्केच होते ना? मग नव्वद आणि एकोणचाळीस ही एकाच माणसांची उत्तरं आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

दुसरं, फॉर्म कोणाच्या हातात पडतो ते पण बघा. जो शिक्षक तीन वर्षांपूर्वी कंटाळून नोकरी सोडून गेला तो त्यात नाही. जो बदली मिळवून सोप्या शाळेत गेला तो आता सोप्या शाळेच्या बाजूने समाधानी म्हणून मोजला जातोय. कठीण शाळेत उरतात ते एकतर अगदी मनापासून तिथेच राहायचं म्हणून राहिलेले, नाहीतर नुकतेच लागलेले, ज्यांचा उत्साह अजून शाबूत आहे. या दोघांना विचारलंत तर समाधान चांगलंच येणार.

समाधानाऐवजी 'शक्य असेल तर मला दुसऱ्या शाळेत जायला आवडेल' हे वाक्य प्रश्नावलीत असतं ते घ्या. तिथे लोक खरं बोलतात, कारण त्यात व्यवसायाला नावं ठेवल्यासारखं होत नाही. आणि वर्गातला वेळ घ्या. तासाचा किती भाग प्रत्यक्ष शिकवण्यात गेला, किती वर्ग शांत करण्यात, किती हजेरी नि कागदांत. मला विचाराल तर सगळ्यात मोठी विषमता ही आहे. एका शाळेत बाई वर्गात शिरल्या की दुसऱ्या मिनिटाला फळ्यावर गणित असतं, दुसऱ्या शाळेत एक मूल उपाशी आलंय, दोघांचं भांडण लागलंय, एकाकडे वही नाही, कार्यालयातून कुठलीतरी माहिती आत्ताच भरून द्या म्हणून निरोप आलाय. वेळापत्रकात दोन्हीकडे तास सारखाच लिहिलेला असतो. मुलांच्या पदरात मात्र सारखा पडत नाही.

आणि तासांच्या प्रश्नाबद्दल, असले फॉर्म भरताना माझी नेहमी गडबड होते ती रात्रीच्या फोनची. एखादी आई रात्री नऊला फोन करते, मूल घरी आलं नाही म्हणते, पाऊण तास त्यात जातो. हे 'पालकांशी संपर्क' का 'विद्यार्थ्यांचं समुपदेशन' का काम नव्हेच? बहुतेक जणी कुठेच लिहीत नाहीत. कठीण शाळांत असलं काम जास्त, म्हणजे न लिहिलेले तासही तिथेच जास्त.

---

आकडेमोड

@वर्गशिक्षिका, हे फार मोलाचं लिहिलंत. वर्गातल्या वेळेबद्दल आकडा देतो, २०१८ ला ओईसीडी सरासरीत वर्गातला ७८ टक्के वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात, १३ टक्के शिस्त लावण्यात आणि ८ टक्के हजेरी वगैरेत जात होता, आणि गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांत शिकवण्याचा हिस्सा कमी भरतो असं त्याच सर्व्हेत निघालंय. नवे शिक्षक अशाच शाळांत जास्त सापडतात हेही निघालंय. म्हणजे सर्वात अवघड वर्ग सर्वात कमी अनुभवाच्या माणसाकडे. नवअभ्यासक, तुमचा प्रबंध इथे आहे.

---

प्रश्नचिन्ह

मला मुळातच शंका आहे. ओईसीडी ही आर्थिक संघटना, तिला शिक्षकांच्या भल्यापेक्षा उत्पादकतेत रस असणार, प्रश्न पण तसेच येणार. वर सगळा डेटा स्वतःच सांगितलेला. 'समाजात शिक्षकी पेशाला मान आहे' याला २०१८ मध्ये व्हिएतनामात ९२ टक्के शिक्षक हो म्हणतात आणि फ्रान्समध्ये ७ टक्के, आता यातलं किती मानाचं आणि किती बोलायच्या पद्धतीचं कोण सांगणार? कुठे तक्रार करणं वाईट समजतात, कुठे तक्रार न करणं. 'गरीब मुलं' म्हणजे कोण हे मुख्याध्यापक ठरवतो, एका देशात ज्याला गरीब म्हणतील तो दुसऱ्या देशात मध्यमवर्गीय असेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शाळेतच नसलेली मुलं या डेटात कुठे आहेत? पिसा शाळेत असलेल्या आणि सातवी किंवा पुढच्या वर्गात असलेल्या १५ वर्षांच्या मुलांचा. कंबोडियात २०२२ च्या पिसात त्या वयाची एक तृतीयांशाच्या जरा वर मुलंच मोजली गेली. उरलेली दोन तृतीयांश मुलं विषमतेच्या हिशोबातच नाहीत, आणि त्यांच्याबद्दल बोललं गेलं नाही तर अभ्यास कसला?

---

आकडेमोड

शंका सगळ्या रास्त आहेत आणि प्रबंधात त्यांना स्वतंत्र जागा द्यायला हवी. शेवटचा मुद्दा तर सगळ्यात आधी घ्यावा. पिसाच्या अहवालात कव्हरेजचा, म्हणजे त्या वयाची किती मुलं मोजणीत आली याचा, आकडा देशवार दिलेला असतो, तो प्रत्येक तक्त्यात शेजारच्या कॉलममध्ये ठेवा, परिशिष्टात टाकू नका. ज्या देशात निम्मी मुलं बाहेर आहेत तिथली 'कमी तफावत' ही समता नसते, गरिबातली गरीब मुलं आधीच गळून गेलेली असतात.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल, टॅलिसवाले स्वतःच तपासतात की एखादी मोजपट्टी देशोदेशी सारखी चालते का. बऱ्याच मोजपट्ट्या मधल्या पायरीपर्यंतच पोचतात, म्हणजे समाधानाचा ताणाशी संबंध किती हे देशादेशांत ताडून बघता येतं, पण या देशाचं समाधान त्या देशापेक्षा जास्त असं म्हणता येत नाही. म्हणूनच मी देशाच्या आतल्या तुलनेवर एवढा भर देतोय. फ्रान्समधल्या एका शाळेची तुलना फ्रान्समधल्याच दुसऱ्या शाळेशी केली तर तक्रारीची सवय दोन्हीकडे जवळपास सारखी असते. मग तो फरक दहा-वीस देशांत त्याच दिशेने येतो का बघायचं, आणि जिथे उलटा येतो तिथे थांबून त्या देशाची बदल्यांची आणि नेमणुकांची पद्धत वाचायची. खरी मजा तिथे आहे.

स्वतः सांगितलेल्या डेटाचा आणखी एक धोका आहे जो लोक विसरतात. शिक्षकच म्हणतो मुख्याध्यापक चांगले, तोच म्हणतो मी समाधानी, मग दोघांचा संबंध मोठा दिसणारच, कारण दोन्ही उत्तरं एकाच मूडमधून आलीयत. शक्य तिथे कारण एकाकडून आणि परिणाम दुसऱ्याकडून घ्या. मुख्याध्यापकाने सांगितलेली शिक्षकांची कमतरता आणि मुलांनी सांगितलेली वर्गातली शांतता, असं. पिसात या दोन्ही गोष्टी आहेत. कमतरतेचा प्रश्न तर आत्ता फारच महत्त्वाचा झालाय, शिक्षक कमी असल्याने शिकवण्यात अडथळा येतो असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांच्या शाळांत शिकणारी मुलं ओईसीडी सरासरीत २०१८ ला २६ टक्के होती आणि २०२२ ला ४७ टक्के. त्याच २०२२ मध्ये गणितात सर्वात सधन २५ टक्के आणि सर्वात गरीब २५ टक्के मुलांत सरासरी ९३ गुणांचं अंतर होतं. पण हे दोन आकडे एका वाक्यात आले म्हणून पहिल्यामुळे दुसरा झाला असं मात्र लिहू नका.

कार्यकारणाचा सापळा वर्गाच्या आकारात सगळ्यात स्पष्ट दिसतो. बऱ्याच देशांत गरीब वस्तीतल्या शाळांना मुद्दाम जास्त शिक्षक देतात, वर्ग लहान ठेवतात. मग डेटात लहान वर्ग आणि कमी गुण एकत्र दिसतात आणि कोणीतरी उठून म्हणतो लहान वर्गाचा उपयोग नाही. प्रत्यक्षात मदत जिथे गरज तिथे गेलेली असते. पण पुढे बघितलं की अशा शाळांत शिक्षक संख्येने पुरेसे असले तरी अनुभवी आणि पूर्ण पात्रता असलेले कमी पडतात, संख्या देऊन गुणवत्तेची भरपाई केलेली असते. म्हणून एका निर्देशांकात सगळं कोंबू नका. वर्गाचा आकार, अनुभव, नोकरीची कायमता, दुसऱ्या शाळेत जायची इच्छा, वर्गातला वेळ, हे सगळं वेगवेगळं ठेवा.

वेट्स. टॅलिसमध्ये एक मुख्य वेट शिक्षकाचा, एक शाळेचा. सरासरी मुख्य वेटने काढायची, आणि ते १०० कॉलम फक्त चूक किती असू शकते ते काढायला. तीच सरासरी शंभर वेळा काढायची, प्रत्येक वेळी मूळ सरासरीपासूनचा फरक वर्ग करून बेरीज, गुणिले ०.०४, आणि वर्गमूळ. पिसात असे ८० असतात आणि तिथे गुणक ०.०५. हाताने करायची गरज नाही, आयईएचा (टिम्स घेणारी संस्था) आयडीबी ॲनालायझर फुकट आहे, आणि स्टाटा नि आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी स्टाटात रेपेस्ट आहे, आरमध्ये इंटएसव्हीवाय आणि राल्सा आहेत. पिसात गुणांच्या जागी १० प्लॉझिबल व्हॅल्यू, म्हणजे त्या मुलाच्या गुणांचे दहा संभाव्य अंदाज, दिसतील, त्यांची सरासरी काढून एक कॉलम बनवू नका, विश्लेषण दहा वेळा करून निकाल एकत्र करायचे असतात, ही पॅकेजं ते स्वतः करतात. आणि सगळे देश एकाच मॉडेलमध्ये घेणार असाल तर वेट्स असे बदला की प्रत्येक देशाचं वजन सारखं होईल, नाहीतर माल्टाचा आवाज जपानखाली दबून जातो.

---

नवअभ्यासक

खूप खूप आभार सगळ्यांचे. वर्गशिक्षिका ताई, रात्रीच्या फोनचं उदाहरण तुमची हरकत नसेल तर प्रश्नावलीच्या मर्यादांवर लिहिताना वापरेन. प्रश्नचिन्ह, कव्हरेजचा कॉलम पहिल्या तक्त्यापासून ठेवते.

आता ठरवलंय असं, की समाधान बाजूला ठेवून टॅलिसमधून तीनच गोष्टी घ्यायच्या, वर्गातला प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ, शिक्षकाचा अनुभव, आणि दुसऱ्या शाळेत जायची इच्छा. प्रत्येक देशात शाळांचे गट करून फरक काढायचा. मुलांच्या गुणांकडे नंतर पिसातून जायचं. एक अडतंय. गरीब मुलांचं प्रमाण मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये पाच गटांत आहे, एकही नाही, १ ते १० टक्के, ११ ते ३०, ३१ ते ६०, आणि ६० च्या वर. शेवटच्या गटात काही देशांत मोजून थोड्याच शाळा येतायत. आणि काही शाळांच्या शिक्षकांनी फॉर्म भरलेत पण मुख्याध्यापकांनी भरलेलेच नाहीत. या शाळा टाकून द्यायच्या का?

---

आकडेमोड

ओईसीडी ३० टक्क्यांवर रेघ मारते, शेवटचे दोन गट एकत्र. तुलनेसाठी तेच ठेवा, पण ज्या देशांत शेवटच्या गटात पुरेशा शाळा आहेत तिथे तो वेगळाही दाखवा, कारण ३५ टक्के आणि ८० टक्के यांत फार फरक असतो.

मुख्याध्यापकाविना शाळा लगेच टाकू नका. आधी एक साधा तक्ता करा, फॉर्म असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या शिक्षकांचा अनुभव, वर्गातला वेळ आणि शाळा सोडायची इच्छा शेजारी-शेजारी. शिक्षकांच्या प्रश्नावलीत त्यांच्या एका वर्गाबद्दल पण विचारलेलं असतं, त्यात गरीब घरातली मुलं अंदाजे किती हेही आहे, तो रकाना त्या शाळांसाठी बघता येईल. फाइल जोडताना देशाचा कोड आणि शाळेचा कोड दोन्ही घ्या, शाळेचा कोड एकटा घेतला तर वेगवेगळ्या देशांतल्या शाळा एकमेकींवर बसतील.

---

वर्गशिक्षिका

फोनचं उदाहरण खुशाल वापरा, हरकत कसली. आणि मुख्याध्यापकांनी फॉर्म न भरलेल्या शाळांकडे खरंच नीट बघा. काही ठिकाणी ते पदच रिकामं असतं, एखादी बाई शिकवणं सांभाळून प्रभारी काम बघत असते आणि तिला फॉर्म भरायला वेळ मिळालेला नसतो.

---

नवअभ्यासक

हे डोक्यातच आलं नव्हतं. तो तक्ता आधी करते, मगच पुढचं. आकडे आले की इथेच टाकते.